हफूफच्या पुलावरची पाचवी खूण

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, “स्कड पाहिलंत का हो?”

पाहिलं नाही, ऐकलं. ती क्षेपणास्त्रं येऊ लागली की रियाधच्या खोलीत खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून आणि तोंडावर गॅस मास्क चढवून आम्ही चौघे भिंतीला पाठ टेकून बसायचो आणि आवाज मोजायचो. मास्कमध्ये मी थेट गणपतीसारखा दिसतो असं खोलीतल्या मंडळींचं मत पडलं. एकदा तर सायरन वाजत असताना आमच्या केरळी सोबत्याने मला हात जोडून नमस्कार केला. युद्धाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे.

मला सांगायचंय ते एका पुलाबद्दल. पण पुलाचं नाव काढलं की समोरच्याचा चेहरा पडतो. “सौदीत पूल? खालून काय वाहतं, वाळू?” असं माझ्या मेहुण्याने विचारलं आणि घरभर हशा झाला. म्हणून लिहून काढतोय. लिहिणाऱ्याला मध्येच कुणी तोडत नाही.

तर मी रियाधमध्ये रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. फेब्रुवारी संपता संपता युद्ध थांबलं आणि थोड्याच दिवसांत साहेबाने मला बोलावून घेतलं. पूर्वेकडे हफूफ नावाचं शहर आहे. त्याच्या जुन्या वस्तीतून झऱ्याच्या पाण्याचा एक पाट वाहतो आणि त्या पाटावर एक फार जुना दगडी पूल आहे. त्याच्या शेजारून नवा रस्ता जायचा होता. त्याआधी जुन्या पुलाचं मोजमाप घेऊन नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं.

“तीन दिवस,” साहेब म्हणाला. “आणि जसं आहे तसं काढ. एक रेघ कमी नको, एक जास्त नको.”

साहेबाचं हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पहिला दिवस

रियाधहून हफूफला आगगाडी जाते. वाटेत वाळू, मग आणखी वाळू, मधूनच आपल्याच विचारात उभा असलेला एखादा उंट. ते सगळं सोडून देतो. वाळू संपते आणि एकाएकी खजुरीची झाडं सुरू होतात. दहा-वीस नव्हेत, नजर पोचेल तिथपर्यंत. डब्यातली माणसं डुलक्या घेत होती आणि मी काचेला नाक लावून बसलो होतो. चार वर्षं पिवळा रंग पाहिलेल्या माणसाला हिरवा रंग दिसला की काय होतं ते सांगता येत नाही. खजुरींना हात जोडले म्हणालो तर नाटकी वाटेल. मी नाटकीच आहे, आणि हातही जोडले होते.

स्टेशनवर कासमभाई परकार उभे होते. कासमभाई आमच्या खाडीपलीकडचे. त्यांचं गाव उत्तर काठावर, माझं दक्षिण काठावर. आमच्या गावच्या उत्सवात मी सलग वीस वर्षं नारदाचं काम केलं. कासमभाई लहानपणापासून होडीतून नाटकाला यायचे आणि पुढे जागा धरून बसायचे. त्यामुळे माझं खरं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. हफूफला एका खजुरीच्या बागेत ते राखणदार, माळी, पाणक्या, सगळं काही होते. बारा वर्षं झाली होती.

“चल नारदा,” माझी पिशवी घेत ते म्हणाले. “आधी जेव. मग तुझा पूल बघू. तो काय पळून जात नाय.”

आणि जेवायला काय असावं? लाल भात. आपल्या कोकणातला उकडा लाल तांदूळ असतो ना, तसाच रंग, तसाच थोडा चिवट दाणा, वर मासळीचं कालवण. हा तांदूळ इथलाच, याच झऱ्यांच्या पाण्यावर पिकलेला. वाळवंटाच्या मधोमध भाताची खाचरं. मी तीनदा वाढून घेतला. भात बागेच्या मालकीणबाईंकडून आला होता. उम्म जासिम, म्हणजे जासिमची आई. गेल्या वर्षी नवरा वारलेला, मुलगा परदेशी शिकायला. बाई भिंतीच्या आडून कासमभाईंना काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“म्हणतायत, हा एवढा भात खातो तर पूल मोजायला वाकणार कसा?”

पुढे जे झालं ते पाहता बाईंना पुढचं दिसत असावं.

आता पूल. बागेच्या टोकाला मातीच्या भिंतींमधून एक बोळ जातो. दोन्हीकडे जुनी घरं, लाकडी दारं, वर वाळत घातलेले कपडे. बोळ वळतो आणि कानावर आवाज येतो. वाहत्या पाण्याचा. मी जागच्या जागी थांबलो. नळ सोडला तर हा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता.

समोर तीन कमानी होत्या. मधली थोडी मोठी, बाजूच्या दोन तिला खांदा दिल्यासारख्या. पिवळसर दगड चुन्यात बसवलेले, कडा शेकडो वर्षांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेल्या. कुणी बांधला, केव्हा बांधला, कुणालाच ठाऊक नाही. विचारलं की लोक हात वर करून मागे, आणखी मागे, अशी खूण करतात. खालून दोन माणसांच्या लांबीइतका रुंद पाट स्वच्छ वाहत होता. तळातले खडे मोजता येत होते आणि पाण्यावर हलकी वाफ होती, कारण झरा गरम आहे. एका बाजूला उत्तरेकडे जाणाऱ्या लष्करी ट्रकांची घरघर अजून चालू होती आणि इथे एक म्हातारी कोथिंबिरीची जुडी पाण्यात खळबळून धूत होती.

“नारद गप्प झाला,” कासमभाई म्हणाले. “हे लिहून ठेवाय हवं.”

पण खरी गोष्ट पुलाच्या पाठीवर होती. मधोमध माझ्या छातीइतका उंच दगडी खांब, आणि त्याच्याभोवती फरशीत अर्धगोलात कोरलेल्या सात खुणा. पहिली खूण सूर्योदयाची, सातवी सूर्यास्ताची, चौथी ऐन दुपारची. खांबाची सावली सकाळपासून एकेका खुणेवर येते आणि तसतशी या पाटावरच्या बागांची पाण्याची पाळी बदलते. सरकारचे मोठे सिमेंटचे कालवे आहेत, त्यांचं वेळापत्रक वेगळं. पण हा एक जुना पाट अजून सावलीवर चालत होता.

खांबाशेजारी एक हडकुळे वृद्ध अनवाणी उभे होते. हाजी मन्सूर. पाळ्या ठरवण्याचं काम त्यांच्या घराण्याकडे. डोळ्यांत मोतीबिंदू इतका की मी समोर उभा राहिलो तरी ते माझ्या डावीकडच्या हवेला सलाम करत होते.

“यांना सावली दिसते कशी?” मी हळूच विचारलं.

“बघ ना.”

हाजींनी उजवं पाऊल पुढे सरकवलं. अंगठ्याने खूण चाचपली आणि पाऊल तिथेच ठेवून उभे राहिले. अर्ध्या पावलावर ऊन, अर्ध्यावर सावली. ऊन-सावलीची कड हळूहळू पावलावरून सरकत होती आणि त्यांचा चेहरा गाणं ऐकणाऱ्यासारखा झाला होता. मग त्यांनी हात वर केला. “सहावी.” खाली कुणीतरी खजुरीच्या लाकडाची फळी उचलली, दुसरी बसवली आणि पाणी एका बागेतून वळून दुसऱ्या बागेत धावलं. मी वाकून पाहिलं. सावली सहाव्या खुणेवर दोऱ्यासारखी सरळ बसली होती.

 पूल पाण्यावरून माणसं नेतो हे मला माहीत होतं. हा पूल वेळ वाटत होता.

आता इतकं भारावल्यावर माणसाने जरा वेळ बसावं. मी नाही बसलो. मधल्या कमानीची उंची घ्यायला टेपचं टोक दातात धरून कठड्यावरून ओणवा झालो, आणखी थोडा झालो, आणि लाल भाताने आपलं वजन दाखवलं. मी डोक्यावर पाटात पडलो.

पाणी चांगलं कोमट होतं हे सांगायला हवं. वर मोठा हशा. मग मेंदीने रंगवलेल्या लाल दाढीचा एक धिप्पाड माणूस पाण्यात उतरला आणि त्याने मला बखोटीला धरून ओल्या कोंबडीसारखं काठावर ठेवलं. हा अबू फहद. उम्म जासिमच्या वरच्या अंगाची बाग त्याची. त्याने घरातून स्वतःचा धुतलेला पांढरा झगा आणून मला दिला. त्यात मी आणि कासमभाई दोघेही मावलो असतो. माझे कपडे वाळले, पण मनगटावरचं घड्याळ कायमचं थांबलं.

दुसरा दिवस

घड्याळ गेल्यामुळे माझी पंचाईत झाली. नकाशात मला प्रत्येक खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत किती वेळ जातो ते लिहायचं होतं. साहेबाने सांगितलं नव्हतं, पण त्या पावलाचं कौतुक कुठेतरी नोंदवल्याशिवाय मला राहवेना.

“माझं घड्याळ घे,” कासमभाई म्हणाले.

हाजींनी ते ऐकलं आणि मान हलवली. कासमभाईंनी त्यांचं बोलणं मला मराठीत सांगितलं. “पुलावर घड्याळ नाय चालत. पूर्वी एकदा आणली होती घड्याळं. प्रत्येकाने आपापलं आणलं आणि प्रत्येकाचं आपल्याच बाजूने बोलायला लागलं. दोन डोकी फुटली. तेव्हापासून सावली.”

“पण मशिदीत अजान घड्याळावर होते ना?”

हाजी हसले. “नमाजाची पाळी शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यायची नसते.”

तेव्हा मला घटिकापात्र आठवलं. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय कोण जाणे. माझे मामा लग्नं लावायचे. मोठ्या घंगाळात पाणी, त्यावर बारीक भोकाची तांब्याची वाटी. भोकातून पाणी चढत जातं आणि घटका भरली की वाटी डुबकन तळाशी जाते. मुहूर्त त्यावर.

कासमभाईंच्या चुलीमागे कालच्या कालवणाची करवंटी होती. ती काचेच्या तुकड्याने घासली, माझ्या कंपासचं टोक तापवून मधोमध भोक पाडलं. पहिल्यांदा पाण्यात सोडली तर भरूनही अर्धवट तरंगत राहिली, रुसल्यासारखी. मग आत डांबराने एक लोखंडी वायसर चिकटवला आणि गडी वठणीवर आला. बिर्याणीचं पातेलं आणून खांबाच्या पायाशी ठेवलं आणि झऱ्याच्या पाण्याने भरलं.

दिवसभर आम्ही तिघे पुलावर बसून होतो. हाजी खूण सांगायचे, मी वाटी सोडायचो. चौथ्या खुणेपासून पाचवीपर्यंत बरोबर पाच बुड्या झाल्या. पाचवी वाटी बुडाली आणि हाजींनी हात वर केला, दोन्ही एकाच क्षणी. मी आनंदाने टाळी वाजवली. हाजींनी पातेल्यात हात घालून करवंटी चाचपली, भोकावर बोट फिरवलं.

“तुमच्याकडे यावर काय वाटतात?”

“नवरे,” मी म्हणालो. आणि त्यांना माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गुन्हा सांगून टाकला. मी नऊ वर्षांचा असताना एका लग्नात मामांनी मला वाटीवर लक्ष ठेवायला बसवलं. मला लागली डुलकी. जाग आली तेव्हा वाटी तळाशी, आणि ती केव्हा गेली देव जाणे. मी प्राण कंठाशी आणून ओरडलो, “बुडाली!” आणि अक्षता पडल्या.

कासमभाईंनी हे अरबीत इतकं रंगवलं की पुलावरून जाणारे दोघे-तिघे थांबले.

“मग त्या जोडप्याचं काय झालं?” हाजींनी विचारलं.

“चाळीस वर्षं सुखाने संसार चाललाय.”

“मुलीकडच्यांना सांगितलंस कधी?”

“नाही.”

“चांगलं केलंस,” हाजी म्हणाले.

संध्याकाळी कासमभाईंनी मला बागेतली पिल्लं दाखवली. केळीला फुटतात तशी खजुरीलाही बुंध्याशी पिल्लं फुटतात. ती सोडवून वेगळी लावायची. उम्म जासिमच्या नवऱ्याने जाण्यापूर्वी कुठल्या झाडाची घ्यायची ते खडूने खुणा करून ठेवलं होतं. थंडीत बाई आणि कासमभाईंनी मिळून चाळीस पिल्लं लावली. सगळी कंबरेइतकीसुद्धा नव्हती, पोत्यात गुंडाळलेली, शाळेत रांगेत उभी केल्यासारखी.

काहींची टोकं तपकिरी पडली होती.

“आमची पाळी आठव्या दिवशी,” कासमभाई म्हणाले. “मागच्या पाळीला कुवेतकडून धूर आला. तेलाच्या विहिरी पेटल्यात ना. सगळा दिवस सावलीच नाय पडली. अबू फहदची पाळी आमच्या आधी. त्याने फळी सोडली नाय. म्हणाला, सावली पाचवीवर आलेली दाखवा. कुठून दाखवणार? दिवस बुडाला, मगरिबची अजान झाली. अजान झाली की पाटाचं पाणी गावाच्या हौदाला जातं. आमची पाळी बुडाली.”

“मग गेले आठ दिवस?”

त्यांनी तळहात दाखवले. तुपाच्या डब्यांच्या कड्यांनी कातडी सोलवटली होती. नळाचं पाणी वाहून वाहून त्यांनी चाळीस पिल्लं जगवली होती. ते पाणीही खारट.

“उद्या पाळी हाय. उद्याचं पाणी मिळालं तर धरतील. नाय मिळालं तर गेली. आणि पिल्लं गेली की बाईंचा दीर टपलाच हाय, इथे गोदाम बांधायला. बाग गेली की माझा इथे राहायचा परवाना, इकामा, गेला. मी काय, मी जाईन होडीत बसून तुझं नाटक बघायला. पण बाईंनी काय करायचं?”

तिसरा दिवस

सकाळी आकाश निळंशार होतं. मी अबू फहदच्याच झग्यात पुलावर हजर झालो, कारण माझी विजार कमानीखाली फाटली होती. पिशवीत गॅस मास्कच्या जागी पोहे होते आणि हातात अल खर्ज गावच्या डेअरीच्या ताकाचा पुडा. नकाशा जवळजवळ पुरा झाला होता. तरी कालचे आकडे पडताळून घ्यावेत म्हणून मी वाटी पुन्हा मांडली.

ऐन दुपारी हाजींनी हात वर केला. “चौथी.” मी वाटी सोडली. खाली पाणी अबू फहदच्या बागेत जात होतं. पाचव्या खुणेला ते उम्म जासिमकडे वळायचं होतं. बाई बागेच्या भिंतीशी काळ्या अबायात उभ्या होत्या, कासमभाई फळीशी फावडं घेऊन.

पहिली वाटी बुडायच्या आत उत्तरेकडे काहीतरी उभं राहिलं.

ढग म्हणावा तर ढगाला आकार असतो. ही काळी भिंत होती, जमिनीपासून आकाशापर्यंत, आणि ती चालत येत होती. तिची वरची कड सूर्याला लागली तेव्हा सूर्य तांबडा झाला, मग तपकिरी, मग जुन्या चामड्याच्या तुकड्यासारखा, आणि मग नाहीसा झाला. भर दुपारी गाड्यांचे दिवे लागले. कबुतरं घराकडे वळली. डांबराचा वास आला आणि माझ्या पांढऱ्या झग्यावर काळे ठिपके पडायला लागले. कित्येक कोसांवर माणसांनी विहिरी पेटवल्या होत्या आणि इथे, एका बोळातल्या पुलावर, दुपार संपवून टाकली होती. मी आ वासून बघत राहिलो. इतकं भयंकर आणि इतकं भव्य मी पाहिलेलं नाही आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

हाजींनी पाऊल पुढे सरकवलं, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं. सगळी फरशी एकसारखी गार होती. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला आंधळे वाटले.

अबू फहद खालून वर आला.

“हाजी, सावली कुठे आहे?”

“दिसत नाही.”

“मग माझी पाळी चालू आहे.”

कासमभाई फावडं घेऊन चढले. “मागच्या वेळी हेच म्हणालात. सूर्य मेला तर काय कयामतीपर्यंत पाणी तुमचं?”

“माझ्या दोनशे झाडांना विचार ते.”

“तुमची झाडं तुमच्याएवढी आहेत. आमची पोरं आहेत अजून.”

भिंतीशी उभ्या असलेल्या उम्म जासिमचा आवाज चढला. कासमभाईंनी तो नंतर मला सांगितला: “अबू फहद, परवा त्या हिंदी माणसाला बुडताना बाहेर काढलास. माझ्या पोरांनी काय केलंय तुझं?” अबू फहदने दाढी मुठीत धरली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही खजुरी तहानलेल्या होत्या आणि नियम त्याच्या बाजूने होता.

भांडण वाढलं. मी नारद, भांडणात माझा जीव रमतो. एक कान इकडे आणि दोन्ही डोळे त्या काळ्या भिंतीकडे. आणि एकदम आठवण झाली. वाटी!

पहिली बुडाल्यावर मी ती सवयीने पुन्हा सोडली होती, तेवढं आठवत होतं. आता पातेल्यात पाहिलं तर ती तळाशी. आत्ता गेली? की मघाशी? चाळीस वर्षांनी, समुद्रापलीकडे, त्याच वाटीने मला दुसऱ्यांदा पकडलं होतं. मी झटकन ती उचलली, झटकली, पुन्हा सोडली आणि चेहरा होता तसा ठेवला.

तेवढ्यात हाजी वळले. “हिंदी, तुझी वाटी चालू आहे?”

“आहे.”

“चौथ्यापासून किती झाल्या?”

सगळा पूल माझ्याकडे बघत होता.

“दोन,” मी म्हणालो. “तिसरी चालू आहे.”

हाजी कठड्यावर बसले. “काल ही वाटी दिवसभर सावलीबरोबर चालली. माझं पाऊल साक्षीला होतं. चौथीपासून पाचवी, पाच बुड्या. आज सावली नाही. पण सावलीची सोबतीण आहे.”

“ही उम्म जासिमच्या माणसाच्या चुलीतली करवंटी,” अबू फहद म्हणाला. “आणि सोडणारा त्याचा दोस्त.”

“दोस्त त्याचा,” हाजी म्हणाले, “पण झगा कुणाचा आहे?”

पुलावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. अबू फहदने माझ्याकडे पाहिलं, स्वतःचा झगा ओळखला, आणि त्याच्याही मिशीचं टोक हललं.

“तरी शंका असेल तर तूच सोड,” हाजी म्हणाले. “तिसरी बुडू दे. चौथी आणि पाचवी तुझ्या हाताने.”

 तिसरी बुडाली. अबू फहद पातेल्यापाशी मांडी घालून बसला. त्याच्या पंजात ती करवंटी सुपारीएवढी दिसत होती. त्याने ती पाण्यात ठेवली ती इतक्या हळुवार, की मी पाहतच राहिलो. चौथी भरायला लागली. पाण्यावर काजळीचा तवंग धरू लागला होता. अबू फहद बोटाच्या टोकाने तो वाटीपासून दूर करत होता, भोक बुजू नये म्हणून. भोक बुजलं असतं तर फायदा त्याचाच होता. हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

चौथी बुडाली. पाचवी सोडली. गल्लीतली माणसं येऊन उभी राहिली होती, पण कुणी बोलत नव्हतं. खाली पाणी वाहत होतं, लांबून एक ट्रक गेला. मी पुष्कळ नाटकं केली. इतकं शांत प्रेक्षागार मला एकदाही मिळालं नाही.

करवंटीच्या कडेला पाणी टेकलं. ती एकदा थरथरली. डुबुक.

अबू फहदने पाण्यातून हात काढला. “खलास,” तो म्हणाला. स्वतः उठला, खाली उतरला आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या बागेची फळी बसवून उम्म जासिमची उचलली. पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग वळून पिल्लांकडे धावलं. कासमभाई त्याच्या मागे फावडं घेऊन धावले, पन्नाशी उलटलेला माणूस, चपला हातात घेऊन.

आणि त्याच वेळी धूर फाटला.

वाऱ्याने त्या काळ्या भिंतीला मधेच एक भोक पाडलं आणि त्यातून सूर्य बाहेर आला, लाल, जत्रेतल्या दिव्यासारखा. पुलावर खांबाची सावली उमटत चालली, फिकट, मग जरा गडद. शंभर माना एकदम पाचव्या खुणेकडे वळल्या.  त्या दुसऱ्या बुडीचं माप आता फरशीवर लिहिलं जाणार होतं. वाटी तळाशी पडून राहिली असेल तेवढी सावली खुणेच्या पुढे गेलेली असणार. म्हणजे अबू फहदने हक्कापेक्षा जास्त घेतलं. चुकीचा तो ठरणार होता आणि मूळ चूक माझी होती.

हाजी मन्सूर कठड्यावरून उठले. दोन पावलं टाकली, पायाने चाचपत पाचवी खूण शोधली, आणि अगदी सावकाश, गुडघ्यांवर हात ठेवत, तिच्यावर बसले. अंगावरचा जाड तपकिरी अबा त्यांनी चारी बाजूंनी नीट पसरला. खूण गेली, सावलीचं टोक गेलं, सगळं त्या कापडाखाली गेलं.

“हाजी,” कुणीतरी म्हणालं, “जरा सरका ना. बघू दे.”

“पाय दुखतात,” हाजी म्हणाले. “उभा राहून थकलो.”

ते तसे मगरिबच्या अजानपर्यंत बसून राहिले. कुणीतरी त्यांना तिथेच कॉफी आणून दिली. अबू फहद येऊन त्यांच्या शेजारी बसला. उम्म जासिमने दोघांसाठी खजुराचं ताट पाठवलं. तोवर चाळीसच्या चाळीस आळी तुडुंब भरली होती.

माणसं पांगल्यावर मी हाजींच्या कानाशी गेलो आणि माझ्या मोडक्या अरबीत सगळं कबूल केलं. दुसरी वाटी. मी बघत नव्हतो. किती वेळ गेला माहीत नाही.

हाजींनी माझ्या डावीकडच्या हवेकडे पाहिलं.

“मुलीकडच्यांना सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“चांगलं केलंस.”

त्यांचं उजवं पाऊल अजून अब्याखाली होतं, थेट खुणेवर. सावली तिथे आली तेव्हा त्या पावलाला काय कळलं, ते फक्त त्या पावलाला ठाऊक.

रियाध

करवंटी मी पुलावरच ठेवून आलो. उन्हाळ्यात कासमभाईंचं पत्र आलं. दोन पिल्लं गेली, अडतीसांनी मूळ धरलं, दीर पुन्हा फिरकला नाही. धुराच्या दिवशी आता अबू फहद स्वतः पातेलं घेऊन येतो आणि करवंटीला कुणाला हात लावू देत नाही. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, “झगा परत कर, विचारत होता.” तो मी केला नाही. घरी आणला आहे. त्यावरचे काळे ठिपके तीन प्रकारच्या साबणांनी गेले नाहीत.

नकाशा मात्र वेळेवर दिला. साहेबाने तो टेबलावर पसरला, कमानी पाहिल्या, दगडांच्या रांगा पाहिल्या, मान डोलावली. मग त्याचं बोट पुलाच्या पाठीवर खुणांवरून फिरायला लागलं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या जागी ते थांबलं. तिथे मी पाय दुमडून बसलेला एक म्हातारा काढला होता, अंगावर चारी बाजूंनी पसरलेला अबा.

“हे काय आहे?”

“साहेब, तुम्हीच म्हणालात. जसं आहे तसं.”

“याच्याखाली खूण आहे ना?”

“आहे.”

“नक्की कुठे? किती इंचांवर?”

“ते यांना उठवून विचारावं लागेल,” मी म्हणालो.

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मग नकाशातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग नकाशाची गुंडाळी केली, तिला रबर लावलं आणि माझी सही न मागता कपाटात ठेवून दिली.